मशीनकडे पाठ करून

नवी वस्तू आली की काकाजी तिच्याकडे पाठ करून उभे राहत.

टेम्पोतून खोका उतरो की ट्रकमधून एखादे यंत्र, सगळ्यांच्या माना तिकडे वळत आणि काकाजींची मान बरोबर उलट्या दिशेला. हात मागे बांधलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, नजर समोर जमलेल्या माणसांवर. कोणी म्हटलेच, "काकाजी, मशीन तिकडं हाय, तुमी इकडं काय पाहून राहिले?" तर ते शांतपणे म्हणत, "मशीन उद्याबी इथंच हाय गा. तोंडं आजची आजच पाहून घ्या लागते."

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. लग्नात अक्षता पडताना सगळे नवरानवरीकडे पाहतात आणि मांडवात एखादाच असा असतो की जो पाहुण्यांकडे पाहत असतो. आपल्याला तो जरा विचित्र वाटतो. घरी परतल्यावर मात्र लग्नात खरे काय झाले ते त्यालाच विचारावे लागते.

आमची संस्था म्हणजे वरूड भागातल्या संत्रा उत्पादकांनी मिळून काढलेली कंपनी. संत्री गोळा करायची, निवडायची, पेट्या भरायच्या आणि लांबच्या बाजारात पाठवायची. वरूडला शेड, अमरावतीला दोन खोल्यांचे कार्यालय. मी त्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि बैठकांचे काम पाहतो. आधी काही वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले होते, म्हणून काकाजी मला मास्तर म्हणत. ते स्वतः अकोल्याचे. उभे आयुष्य एका डाळमिलमध्ये व्यवस्थापक होते. तिथून निवृत्त झाल्यावर आमच्या अध्यक्षांनी त्यांना आग्रहाने शेडवर आणले. वरूडलाच एक खोली घेऊन राहत. पत्नी आधीच गेलेली, मुलगी अकोल्यात.

पाठ करून उभे राहण्याची सवय डाळमिलमधली. त्यांनीच एकदा सांगितले. मालकाने उन्हाळ्यात कामगारांसाठी थंड पाण्याचा कूलर आणला आणि काकाजींच्या केबिनजवळ ठेवला. त्या कूलरचे पाणी कोणी पिईना. सगळे आपले कोपऱ्यातल्या माठाकडे जात. मालक चिडला, कामगारांना किंमतच नाही म्हणाला. काकाजींनी दोन दिवस नुसते पाहिले. कामगार कूलरपर्यंत येत, काचेतून यांच्याकडे पाहत आणि वळत. कूलर साहेबलोकांचा, असे त्यांचे न बोलता ठरून गेले होते.

"मग तुम्ही कूलर हलवला?" मी विचारले.

"कूलर नाई हलवला मास्तर. माही खुर्ची हलवली."

हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू येई. पोट हलवून, आवाज न करता हसत.

ते शेडवर आले तेव्हा तिथे एक थंड खोली रिकामी पडून होती. बाजार पडला असेल तेव्हा माल चार दिवस टिकावा म्हणून ती बांधलेली. खोली उत्तम होती. पण तिच्यात कोणी संत्री ठेवेना. कारण पहिल्या वर्षी ज्याचा माल विकला गेला नाही त्याचाच माल तिच्यात गेला आणि गावाने तिचा अर्थ लावून टाकला. "अमक्याचा माल खोलीत गेला," हे लोक अशा आवाजात सांगत की जणू तो माणूसच दवाखान्यात भरती झाला आहे. एक शेतकरी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारून गेला, "मास्तर, माह्या साडभावाचा माल खोलीत हाय म्हंते. लय सीरियस हाय का?"

काकाजींनी उपाय केला. अध्यक्षांच्या बागेतला सगळ्यात चांगला माल मुद्दाम त्या खोलीत ठेवला, म्हणजे लोकांची भीती जाईल. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बातमी पसरली की अध्यक्षांचाही माल खपला नाही! अध्यक्षांना सासुरवाडीहून फोन आले. ते काकाजींवर असे खवळले की शेडचे पत्रे हलले. काकाजी मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांचे पोट हलत होते, हे फक्त मला दिसत होते.

नंतर मला म्हणाले, "पाह्यलं? पयल्या दिवशी लोकायले जे दिसलं, तेच दिसलं. मंग तुमी डोकं आपटा."

आपण म्हणतो, संस्थेने नवे तंत्र आणले. ठराव होतो, कर्ज मिळते, नारळ फुटतो. पण ती वस्तू खरोखर काय आहे हे नारळ फुटताना ठरत नाही आणि माहितीपत्रकातही ते लिहिलेले नसते. ते दुपारच्या डब्याच्या वेळी ठरते, चार जण मिळून ठरवतात, आणि आपण ठरवले हे त्यांनाही कळत नाही. हे मी पुस्तकात वाचले असते तर खाली रेघ ओढून विसरलो असतो. काकाजींनी ते मला जगताना दाखवले आणि एकदा तर त्यात स्वतःच तोंडावर आपटून दाखवले. सांगायची गोष्ट तीच आहे.

काकाजींच्या आग्रहाने आमच्याकडे संत्र्यांची प्रतवारी करणारे यंत्र आले. फिरत्या रुळांवरून फळे पुढे जातात, वरचा कॅमेरा आकार आणि रंग पाहतो आणि एकेक फळ आपापल्या पन्हाळीत पडते. पहिली प्रत, दुसरी, तिसरी. तोवर हे काम बायका हातांनी करत. सुशीलाबाई त्यांची पुढारी. सावळ्या, उंच, पन्नाशीच्या. बोलणे असे की समोरचा आधी दचके आणि मग हसे. यंत्राची बातमी आली तेव्हा त्यांनी काकाजींना सगळ्यांसमोर विचारले, "काकाजी, हे आमच्या जागी येऊन राहिलं का आमच्या सोबत? खरं सांगजा. आमी दुसरीकडं काम पाहून घेऊ, पण ऐन बहारात धोका नका देऊ."

"सोबत," काकाजी म्हणाले.

"कोण म्हंते?"

"मी म्हंतो."

"तुमी म्हातारे झाले काकाजी," बाई म्हणाल्या. "तुमच्या नंतर कोण म्हणन?"

सगळ्या हसल्या. काकाजीही हसले, पण संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाले, "सोबत म्हणून बसलो मास्तर. आता ते खरं करा लागते."

यंत्र बसवले त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली. समोर बायका, शेतकरी, संचालक. यंत्राबरोबर आलेल्या तंत्रज्ञाने विचारले, चालवून दाखवायला माल कुठला घेऊ? अध्यक्ष म्हणाले, "चांगला माल काहून टाकता? झाडाखालचा पडेल आणा दोन कॅरेट." काकाजी मागे न वळताच म्हणाले, "हो, चालते." गळून पडलेली, डागाळलेली, मऊ पडलेली संत्री रुळांवर चढली. यंत्राने ती इमानदारीने तिसऱ्या पन्हाळीत टाकली. टाळ्या झाल्या. काकाजींनी सगळे चेहरे पाहिले. मला म्हणाले, "भीती कमी दिसली मास्तर. बायाबी निवांत दिसल्या. जमते बहुतेक."

बायका निवांत होत्या हे खरे होते. का निवांत होत्या, हे त्यांना कळले नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली आणि यंत्रातून चांगला मालच निघेना. पहिली पन्हाळ जवळजवळ रिकामी, तिसरी भरून वाहते आहे. दक्षिणेतल्या एका मोठ्या खरेदीदाराशी करार झाला होता. सारख्या प्रतीचा माल मिळाला तर सगळा हंगाम तो घेणार होता. पहिली गाडी त्याने परत पाठवली. दुसरीला नाके मुरडली. तिसरी गाडी अशीच आली तर करार संपला, असा निरोप आला. करार संपला असता तर त्या हंगामात शेड बंद ठेवावी लागली असती, आणि शेड बंद म्हणजे ऐन बहारात बायका घरी.

मग प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. शेतकरी म्हणाले, हे मशीन नाही, व्यापाऱ्याचा डोळा आहे. आपला माल पाडून मागायला शिकवलेला. संचालक म्हणाले, यंत्र सदोष आहे, परत पाठवा. तंत्रज्ञ येऊन गेला, सगळे उघडून पाहिले आणि म्हणाला, यंत्रात काही दोष नाही, तुमची संत्रीच अशी आहेत. यावर अध्यक्षांच्या बागेचा अपमान झाला. त्यांनी बैठक बोलावली. यंत्र परत आणि ते आणायला लावणारे काकाजीही परत, असा एकूण सूर होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी वरूडला गेलो. काकाजी पार वाळले होते. सतत त्या पन्हाळीपाशी उभे. जेवणाच्या सुट्टीत सुशीलाबाईंनी बळेच त्यांना बाहेर ओट्यावर बसवले. ट्रॅक्टर आला की माल या ओट्यावर उतरतो. एक संत्रे सोलून त्यांच्या हातावर ठेवले.

"खा. तोंड पाहा कसं झालं तुमचं, वाळल्या फोडीसारखं."

काकाजींनी एक फोड तोंडात टाकली. थांबले. उरलेल्या संत्र्याकडे पाहिले. मोठे, भरलेले, रसाने फुटेल असे.

"हे कुठचं वो बाई?"

"आजच्याच मालातलं."

"आजच्या? मंग मशीनच्या पेटीत असं एकबी काहून नाई?"

"पेटीत कसं येईन?" बाईंनाच नवल वाटले. "चांगलं आमी आधी काढून घेतो ना. ते पाहा तिकडं कॅरेटमध्ये. उरलं-सुरलं मशीनले देतो. पडेल मालाचंच तं हाय ते मशीन. पयल्याच दिवशी तुमच्यासमोर दाखवलं."

माल उतरला की चांगली फळे आधी बाजूला काढायची, ही त्या ओट्यावरची जुनी रीत. ती इतकी जुनी होती की कोणाला दिसतच नव्हती. बाजूला काढलेली संत्री नेहमीप्रमाणे जवळच्या व्यापाऱ्यांकडे जात होती, आणि आम्ही लांबच्या खरेदीदाराला उरलेली निवडून, पुसून, चकचकीत पेट्यांतून पाठवत होतो. यंत्राने चूक केली नव्हती. शेतकऱ्यांनाही जे दिसले ते खरेच दिसले होते. ज्याने त्याने यंत्राचा जो अर्थ लावला, तसाच माल त्याला मिळत गेला आणि आपला अर्थ बरोबर होता अशी त्याची खात्री होत गेली.

काकाजी तिथेच ओट्यावर मागे टेकले आणि त्यांचे पोट हलू लागले. बाई घाबरल्या. "काय झालं व माय यायले?"

"काई नाई बाई," ते डोळे पुसत म्हणाले. "मी तिकडं पाठ करून उभा होतो. त्याच्यात काय टाकून राहिले, ते पाह्यलंच नाई."

मी म्हणालो, आत्ताच अध्यक्षांना फोन लावू. कारण सापडले आहे.

त्यांनी माझा हात धरला. "काय सांगता? बायायची चूक झाली म्हणून?"

"पण तेच तर झालंय."

"मास्तर, नीट ऐका. बैठकीत बायायचं नाव निघालं का मंग नवीन अर्थ लागला. मशीन चांगलं अन् बाया खराब. तो अर्थ एकदा लागला का तुमच्या-माह्याच्यानं निघत नाई. उद्याच्या उद्या घरी बसवतीन यायले."

मला फक्त कारण दिसले होते. त्यांना त्या कारणाचे बैठकीत काय होईल ते दिसत होते. आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली. चांगली फळे आपल्या हातात राहिली तोवर आपले कामही राहील, असेही त्या बायकांना कुठेतरी वाटत असणार. पहिल्या दिवशी त्या निवांत दिसल्या त्या म्हणूनच. यंत्राला पडेल माल, आम्हाला चांगला. म्हणजे आमची जागा आहे. त्या असे कधी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वरूडलाच भरलेल्या बैठकीत काकाजी उभे राहिले आणि म्हणाले, "पयल्या दिवशी पडेल माल टाकू देला, ती चूक माही. तवापासून अख्ख्या शेडनं हे पडेल मालाचं मशीन समजलं. मीच तसं दाखवलं, म्हून तसं झालं."

पडेल माल आणा असे स्वतः अध्यक्षच म्हणाले होते. काकाजींनी ते सांगितले नाही. अध्यक्षांना ते आठवले असावे, कारण क्षणभर ते टेबलाकडे पाहत राहिले. मग आवाज चढवून म्हणाले, "काकाजी, तुमी तं तोंडं पाहत होते ना?" सगळे हसले.

"तोंडं पाह्यली भाऊसाहेब," काकाजी म्हणाले, "हात नाई पाह्यले. आता एक डाव चाला सगळे शेडवर. मंग काय ठरवायचं ते ठरवा."

सगळी मंडळी शेडवर आली. अध्यक्षांच्याच बागेतला ट्रॅक्टर उतरत होता. काकाजी सुशीलाबाईंना म्हणाले, "बाई, आज ओट्यावर निवडू नका. सगळं मशीनले द्या."

"सगळं? निवडल्याबिगर?"

"सगळं."

बाई हलल्या नाहीत. मागच्या बायकाही हलल्या नाहीत. मला तेव्हा त्या मागण्याचे ओझे कळले. हातातले काम यंत्रावर ठेव, असे तो म्हातारा म्हणत होता, आणि त्या बदल्यात त्याच्याकडे "सोबत" या एका शब्दाशिवाय काही नव्हते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग पहिले संत्रे त्यांनी रुळावर असे ठेवले की जसे कोणी झोपलेले मूल खाली ठेवते. मग दुसरे. मग कॅरेट उचलून ओतले.

पहिली पन्हाळ भरू लागली. बाई पन्हाळीच्या कडेने चालत गेल्या, एक फळ उचलून हातात फिरवले, परत ठेवले. दुसरीतले एक उचलले. ते काढून पहिलीत टाकले. तिसरीपाशी थांबल्या, दोन फळे काढली, बाजूला फेकली. मग मागे वळून बायकांना म्हणाल्या, "हे तं सूप हाय व! पाखडून देते. खडे आपल्यालेच येचा लागतीन."

मागून एक जण म्हणाली, "मंग आपल्याले घरी तं नाई पाठवत?"

"सुपानं कधी बाईले घराबाहेर काढलं का? ये इकडं, हात लाव."

आणि बायका पुढे आल्या. कोणी सांगितले नाही, पण एकेक जण एकेका पन्हाळीपाशी जाऊन उभी राहिली. अध्यक्ष आपल्या बागेच्या संत्र्यांनी भरलेल्या पहिल्या पन्हाळीकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरले ते मी सांगायला नको. "मशीन तसं चांगलं हाय," ते म्हणाले. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असे त्यांचे संध्याकाळपर्यंत ठरून गेले.

काकाजी बाहेर नळावर गेले. बराच वेळ तोंड धूत राहिले. मी टॉवेल घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "थांबा, अजून धुतो." मी टॉवेल धरून उभा राहिलो.

तिसरी गाडी परत आली नाही. त्या हंगामात नाही आणि पुढच्यातही नाही. यंत्राचे नाव सूपच पडले. शेतकरीसुद्धा आता विचारतात, "सुपात माल कधी घेता?" त्यांच्यातल्या कोणालाही व्यापाऱ्याचा डोळा आठवत नाही. थंड खोलीचे मात्र काही जमले नाही. ती अजून रिकामीच आहे. तिच्यात सध्या रिकाम्या पेट्या ठेवतो.

दोन हंगामांनी काकाजींचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना अकोल्याला घेऊन गेली. फोनवर विचारत, "मास्तर, शेडवर नवीन काई आलं का?" काही आले असले की वस्तूबद्दल एक शब्द नाही, "कोण काय म्हणून राहिलं, ते सांगा." यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहाराचा माल चालू असताना एका सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर हातात यायच्या आत गेले. कोणाला त्रास नाही, स्वतःला नाही. मुलगी हे सांगताना रडत होती. मला मात्र, खरे सांगतो, दुःखाच्या आधी भीती वाटली. "तुमच्या नंतर कोण म्हणन?" हा प्रश्न एखाद्याने इतक्या वर्षांपूर्वी हसत विचारलेला असतो आणि आपण तो विसरलो असे समजत असतो. आमचे संचालक मंडळही यंदाच बदललेले. नव्यांपैकी कोणी त्या ओट्यापाशी उभे नव्हते.

तेरवीला मी अमरावतीहून अकोल्याला गेलो. दोन शब्द बोलावे लागतील म्हणून मनाशी काही वाक्ये जुळवली होती. ती बोलायची वेळ आली नाही, कारण मुलीने सहजच विचारले, "बाबा तिकडे नक्की काय काम करायचे हो? मला कधी नीट कळलंच नाही. म्हातारपणी एकटे राहून काय मिळवलं असं वाटायचं."

जुने अध्यक्ष म्हणाले, "माह्याशी भांडत. दुसरं काई नाई." आणि डोळ्यांना रुमाल लावला.

एक शेतकरी म्हणाला, "मशीन दुरुस्त करत होते." काकाजींना बल्ब बदलता येत नसे.

सुशीलाबाई बायकांना घेऊन जीप करून आल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काई करत नव्हते ताई. विचारत होते. तुमाले हे काय वाटते, तुमाले ते काय वाटते. लय डोकं खात. आता आमालेच एकमेकीले विचारायची सवय लागली. नवीन साहेब काई आणाले निघाला का आमी आधी त्यालेच बसवतो अन् विचारतो, बावा, हे तुले काय वाटून राहिलं ते आधी सांग."

बायका हसल्या. मुलगीही हसली, तेरवीच्या घरात, पदर तोंडाला लावून. मला आठवत नाही, मी तिला त्याआधी हसताना कधी पाहिले होते का.

उन्हे उतरायच्या आधीच बायका उठल्या. मुलगी म्हणाली, "एवढ्या लांबून आलात, रात्री थांबा ना. सकाळी जा."

"नाई जमत ताई," सुशीलाबाई चपला पायात सरकवत म्हणाल्या. "सकाळी काम हाय."

जीप दारासमोर वळली, बाईंनी आतून हात काढून कोणाला तरी पाय आत घ्यायला सांगितले, आणि सगळ्या एकदम बोलत मोठ्या रस्त्याला लागल्या. मी फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो. मग आत जाऊन पानावर बसलो आणि त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवलो.